प्रभाताईंनी सोडलेली ओळ

आजवर कुणालाही न सांगितलेलं आधी सांगून टाकतो. अकरावी प्रवेशाच्या त्या यादीत मुलींच्या शाखांची अदलाबदल झाली ती माझ्यामुळे. सर्व्हरवर ती फाईल मी चढवली होती. प्रभाताई भोईर त्या दिवशी ऑफिसात नव्हत्याच. त्या चांदीपला, आपल्या शेतात, गुडघाभर चिखलात उभ्या राहून भात लावत होत्या. नोकरी मात्र त्यांची गेली, आणि त्यांची खुर्ची मला मिळाली.

बायकोला हे ठाऊक नाही. साहेबांना ठाऊक नाही. प्रभाताईंना ठाऊक होतं, पण ते मला फार उशिरा कळलं.

दोन हजार सालानंतरची ती पहिली काही वर्षं. वसई पूर्वेच्या औद्योगिक वसाहतीत एका गाळ्याच्या पोटमाळ्यावर आमचं ऑफिस होतं. खाली स्टीलच्या डब्यांची झाकणं दाबून काढायचं यंत्र चालायचं. दर चार सेकंदांनी धप्प. नवा माणूस पहिला आठवडाभर दर धप्पला दचकायचा. वर आम्ही सात-आठ जण जावा या संगणकाच्या भाषेत वेबसाईटी बांधत होतो. मी तुळिंजला राहायचो, नुकतं लग्न झालेलं, वय अठ्ठावीस. कंपनीचे मालक सामंतसाहेब यांनी मला पसंत केलं आणि म्हणाले, "माझ्याकडून ओके. आता फक्त आमच्या भोईरबाईंना भेटा. त्या नाही म्हणाल्या तर माझं हो काही कामाचं नाही."

भोईरबाई म्हणजे चाळिशीकडे झुकलेली, ठेंगणी, घट्ट अंबाडा घातलेली बाई. टेबलाला बारमाही काळी छत्री टेकवलेली. त्यांनी विचारलं, "जावा येतं?"

"हो."

"कशात काम केलंस?"

मी त्या वेळच्या एका बड्या टूलचं नाव ऐटीत सांगितलं. त्यात खिडक्या ओढायच्या, बटणं सोडायची, हिरवा त्रिकोण दाबायचा. कोड ते आपलं आपण लिहायचं आणि सर्व्हरवर चढवूनही द्यायचं. प्रभाताईंनी कागद आणि पेन्सिल माझ्यापुढे सरकवली.

"ब्राउझरमधून नाव आलं. ते घ्यायचं आणि पुढच्या पानावर दाखवायचं. एवढंच लिही."

"कागदावर?"

"कागदावर."

पेन्सिल हातात घेतली आणि लक्षात आलं, पहिल्या आठ-दहा ओळी मी आयुष्यात कधी स्वतः लिहिलेल्याच नाहीत. म्हणालो, "हे टूल करतं."

"आणि टूल रजेवर गेलं की?"

"मला माहीत नाही."

त्या हसल्या. काम मिळालं. महिन्याभरानं चहा पिताना त्यांनीच कारण सांगितलं. "तुझ्याआधी चार जण येऊन गेले. चौघांनी काहीबाही खरडलं आणि बरोबर असल्यागत बसून राहिले. तू माहीत नाही म्हणालास. जावा शिकवता येतं रे, कदम. खरं बोलणं शिकवायला मला वेळ नाही."

मला त्यांनी ज्या गुणासाठी घेतलं तो हा.

त्या स्वतः कुठं शिकल्या हे शेवटपर्यंत नीट कळलं नाही. विचारलं की म्हणायच्या, "पुस्तकातून. दुसरं कुठून शिकतात?" ऑफिसात आमच्यासारखं बोलायच्या, पण काम रंगात आलं, आवाज चढला की घरची बोली वर यायची. एकदा सर्व्हर म्हणजे काय हे समजावताना म्हणाल्या, "गावची विहीर समज. पानी भरायला सगळ्या एकदमच येतात. विहीर एक, रहाट एक. पन घागर जिची तिनं कमरेवर धरायची. काठावर ठेवलीस की तुझी घागर दुसरी घेऊन जाते."

मागच्या टेबलावरचा एक जण खिदळला. "पानी नाही हो मॅडम, पाणी."

प्रभाताई वळल्यासुद्धा नाहीत. "तुला नालासोपाऱ्यात नळाला येतं ते पाणी. तेही दोन दिवसांआड, बादलीभर. आमच्या विहिरीत बारा महिने असतं ते पानी. ज्याच्याकडं आहे त्यानं नाव ठेवायचं."

पुन्हा कुणी खिदळलं नाही. काठावरची घागर मात्र ऑफिसचा शब्द होऊन बसली. अर्थ सोपा होता. सर्व्हरवर आपल्या कोडाचा एकच तुकडा सगळ्यांना उत्तरं देत असतो, माणसं दोन असोत की दोनशे. एखाद्याची माहिती त्या सामाईक तुकड्यातच ठेवून दिली, तर त्याच क्षणी आलेल्या दुसऱ्याच्या पदरात ती पडू शकते. एकट्यानं कितीही तपासा, चूक दिसत नाही. दोघं एकदम आले की दिसते. म्हणून ताईंचा दंडक होता, नवं काहीही सर्व्हरवर चढवण्याआधी दोन यंत्रांवर दोन माणसांनी बसायचं, वेगवेगळी नावं भरायची आणि त्यांनी "एक, दोन, तीन, दाब!" म्हटलं की एकदम बटण दाबायचं. असं वीस वेळा. माणूस कमी पडला तर खालून डब्याच्या कारखान्यातल्या शेवंताबाईंना हाक जायची. शेवंताबाई पदराला हात पुसत यायच्या, ऐटीत खुर्चीवर बसायच्या आणि म्हणायच्या, "बोला ताई, कुनाला पाडायचंय?"

एकदा मुंबईहून टाय लावलेला एक विक्रेता आला. त्याच्या टूलमध्ये म्हणे एक ओळही लिहावी लागत नव्हती. पडद्यावर चौकोन ओढत त्यानं दहा मिनिटांत वेबसाईट उभी केली. साहेब खुर्चीतल्या खुर्चीत पुढे सरकत होते. प्रभाताई शांतपणे म्हणाल्या, "छान आहे. शेवंताबाईंना बोलवा."

विक्रेत्याला वाटलं, चहा येतोय. शेवंताबाई एका यंत्रावर, मी दुसऱ्यावर. त्यांनी स्वतःचं नाव टाकलं, मी माझं. एक, दोन, तीन, दाब. पाचव्या खेपेला माझ्या पडद्यावर उमटलं, 'स्वागत आहे, शेवंता.' विक्रेता म्हणाला, "मॅडम, प्रत्यक्षात असं कुठं घडतं? लाखात एकदा."

"त्या एकाचं नाव काय सांगाल?" प्रभाताईंनी विचारलं. तो टाय चाचपत बसला.

'नाही' हा त्यांचा लाडका शब्द होता. साहेब जिन्यावरून "भोईरबाई, एक छोटीशी गोष्ट" असं म्हणत वर यायचे, त्यांचं वाक्य पुरं व्हायच्या आत उत्तर असायचं, "नाही. कारण मागनं सांगते, आधी नाही ऐकून घ्या." संध्याकाळी पाचनंतर सर्व्हरला कुणी हात लावायचा नाही. शुक्रवारी तर मुळीच नाही. डब्यात त्यांच्या तांदळाची भाकरी आणि सुकट. कुणी नाक मुरडलं तर त्या हनुवटीनं दाखवायच्या, "खिडकी तिकडं आहे." दसऱ्याला सर्व्हरला झेंडूची माळ मात्र त्याच घालायच्या. साहेबांनी हळदकुंकू लावलं की पुसत नसत, पण माळ जाळीवर आली की हलवायच्या. "देवाला चालंल, पंख्याला नाही चालायचं."

आणि त्यांची वही. लांबट, खाकी पुठ्ठ्याची. सर्व्हरवर जे काही चढेल त्याची एक ओळ त्यात पडलीच पाहिजे. तारीख, वेळ, कुठली फाईल, काय बदललं, जोडीनं दाबायला कोण बसलं आणि शेवटी चढवणाऱ्याचं नाव. काही पानांवर शेवंताबाईंचीही सही होती, वेलांटी चुकलेली. एकदा मी घाईत होतो. म्हटलं, "ताई, तेवढं तुम्हीच लिहा ना माझं."

"नोंद ज्याची त्यानं करायची. स्वतःच्या हातानं. दुसऱ्याची ओळ मी भरत नाही."

"मी नाही लिहिली तर?"

"तर ती कोरी राहील."

मला तेव्हा त्यात नुसता हट्ट दिसला होता.

आता तो जुलै.

एका शिक्षणसंस्थेच्या तीन कनिष्ठ महाविद्यालयांचे प्रवेश आमच्या सर्व्हरवर होते. अर्ज सायबर कॅफेत बसून भरायचा, ही तेव्हा नवलाई होती. पाऊस बरा झाला होता. ताई दरवर्षी आवणीला, म्हणजे भातलावणीला, दोन दिवस रजा घ्यायच्या, त्यावर कुणाची हरकत चालायची नाही. जाताना त्यांनी पासवर्डचं बंद पाकीट माझ्या हातात ठेवलं. "बंद पडला तर चालू करायचा. दुसरं काही नाही. कळलं?"

"कळलं."

दुसऱ्या दिवशी सकाळी संस्थेच्या कारकुनाचा फोन आला. पोरांचा गोंधळ उडतोय, प्रत्येक पानावर वर विद्यार्थ्याचं नाव दिसलं तर बरं होईल, जमेल का. मी म्हणालो, "अर्ध्या तासात." मी नाही म्हणायला हवं होतं. पण खरं सांगतो, मला त्या 'नाही'चाच कंटाळा आला होता. ताईंशिवायही इथं काम होतं, हे कुणाला तरी दिसावं असं मला वाटत होतं. कुणाला, ते मला अजून सांगता येत नाही. साहेब त्या दिवशी बाहेर होते. बाकीचे आपापल्या कामात.

विद्यार्थ्याची माहिती पानापानावर नेत बसायची तर वेळ जाणार. म्हणून मी ती सरळ त्या सामाईक तुकड्यातच ठेवली. काठावर. एकट्यानं एका यंत्रावर तपासलं, झकास चाललं. शेवंताबाईंना बोलावलं नाही. त्यांना काय कारण सांगणार होतो? पाकीट फोडलं, हिरवा त्रिकोण दाबला. टूलनं बाकीचं सगळं केलं. वही टेबलावरच होती. मी ती उघडली नाही.

दुपारी शाळांतून गुणपत्रिका घेऊन पोरं एकदम कॅफेंत शिरली असणार. त्या काही तासांत जे जे दोघं एकाच क्षणी बटण दाबून बसले, त्यातल्या काहींची घागर दुसऱ्यानं नेली. दोन दिवसांनी सकाळी यादी लागली. फुलपाड्याच्या एका मुलीला सायन्स हवं होतं, यादीत तिच्या नावापुढे आर्ट्स. दुसरीचं उलटं. अशा अकरा मुली निघाल्या. पहिलीचे वडील रिक्षा चालवायचे; ते तिला घेऊन थेट महाविद्यालयाच्या फाटकावर उभे राहिले आणि हलेनात.

प्रभाताई त्या सकाळी चांदीपहून एसटीनं थेट ऑफिसात आल्या. नखांत अजून चिखल होता. तासभर सर्व्हरचा लॉग वाचत बसल्या. लॉग म्हणजे सर्व्हरची स्वतःची रोजनिशी. कुठल्या यंत्रावरून किती वाजता काय आलं, सगळं त्यात पडतं. बाकीचे तो अडल्यावर उघडायचे, ताई पेपर वाचावा तसा रोज वाचायच्या. वाचून झाल्यावर त्यांनी शेवंताबाईंना हाक मारली, एक, दोन, तीन केलं, आणि उठल्या. माझ्याकडे बघितलं नाही.

संस्थेच्या कार्यालयात आम्ही तिघं गेलो. प्राचार्य, कारकून, समोर साहेब, ताई, मी. साहेबांनी एक पत्र टाईप करून आणलं होतं. अर्जदारांनी अर्ज भरताना चुकीची शाखा निवडल्याचं तपासणीत आढळलं आहे. खाली सहीसाठी जागा, तांत्रिक प्रमुख.

"भोईरबाई, एवढी सही करा. विषय संपवू."

"नाही."

"अहो, कारण तरी..."

"कारण हे, की हे खोटं आहे." त्यांनी पत्र प्राचार्यांच्या टेबलाच्या काचेवर उलटं घातलं. "सर, पोरींनी बरोबर भरलंय. चुकला आमचा सर्व्हर. आजच यादी मागं घ्या. संध्याकाळपर्यंत मी तुम्हाला बरोबर यादी देते, एकेका मुलीला फोन करून, विचारून. सोळा वर्षांच्या पोरीला सांगायचं, तुला काय पाहिजे ते तुलाच कळलं नाही? मी नाही सांगणार. आणि माझ्या सहीनं कुणाला सांगू देणार नाही."

"बाई, तुम्ही काय बोलताय कळतंय का?" साहेबांचा चेहरा लालबुंद झाला. "काँट्रॅक्ट जाईल!"

"जाईल."

प्राचार्य सावकाश म्हणाले, "ठीक आहे. पण मग ही चूक केली कुणी?"

कारकून म्हणाला, "मी तुमच्या ऑफिसात नावाचं सांगितलं होतं बुवा. फोनवर कोण होतं, आता आठवत नाही."

खोलीत पंखा फिरत होता. टेबलावर पाण्याची बाटली होती, तिचं लेबल अर्धं सुटलं होतं. मी ते लेबल बघत होतो. बायकोला आठवा महिना होता, हे मी तेव्हा स्वतःला सांगत होतो आणि पुढंही बरीच वर्षं सांगत राहिलो. ताईंनी वही उघडून समोर ठेवली. त्यांनी बराच वेळ वाट पाहिली. आज मोजता येत नाही, पण तोंड उघडायला पुरेल इतका वेळ होता.

"वहीत नोंद नाही," त्या म्हणाल्या. "वही माझी, पासवर्ड माझा. तेव्हा जबाबदारी माझी."

यादी मागं घेतली गेली. अकराही मुलींना हवी ती शाखा मिळाली. रिक्षावाले वडील ताईंना म्हणाले, "बाई, तुमच्यामुळं झालं." ताई म्हणाल्या, "आमच्यामुळंच बिघडलं होतं, दादा. हात कसले जोडता?"

आठवड्यानं साहेबांनी त्यांना राजीनामा लिहून द्यायला सांगितलं. सगळ्या ऑफिसला ऐकू गेलं. "राजीनामा मी देणार नाही. मला जायचं नाही. तुम्हाला काढायचंय तर काढा, पन काढलं असं लिहून द्या. खोट्या पत्रावर सही केली नाही म्हनून काढलं, हेही लिहा. हिंमत असली तर."

साहेबांनी पहिलं लिहून दिलं, दुसरं नाही. ताईंनी तो कागद घडी घालून डब्याच्या पिशवीत टाकला. शेवंताबाई खालून धावत वर आल्या आणि रडायला लागल्या. "रडता काय?" ताई म्हणाल्या, "दाबायला बसत जा. मी नसले तरी बसायचं. बोलावलं नाही तर आपणहून यायचं."

मग माझ्या टेबलाशी थांबल्या. वही ठेवली. "आता हे तुझ्याकडं. नियम ठाऊक आहे ना?"

मी मान हलवली.

"तोंडानं सांग."

"नोंद ज्याची त्यानं करायची."

"हं." छत्री उचलली आणि जिना उतरल्या. खाली यंत्र धप्प धप्प चाललं होतं.

ती वही मी चार दिवस उघडली नाही. पाचव्या दिवशी काहीतरी चढवायचं होतं म्हणून उघडली. शेवटच्या पानावर त्यांच्या अक्षरात दुरुस्तीची नोंद होती. अमुक फाईल काढून टाकली, जुनी परत चढवली, जोडीला शेवंताबाई. त्या नोंदीच्या वर एक ओळ सोडलेली होती. कोरी. समासात फक्त तारीख आणि वेळ लिहिली होती, सकाळचे अकरा वाजून वीस मिनिटं. मी हिरवा त्रिकोण दाबला ती वेळ. लॉगमध्ये माझ्या यंत्राचं नाव त्यांनी त्याच दिवशी वाचलं होतं. लॉगचा तो कागद काढून ताई साहेबांपुढं टाकू शकल्या असत्या. त्यांनी माझ्यासाठी जागा ठेवली.

त्यानंतर मी बऱ्याच नोकऱ्या बदलल्या. मोठमोठे सर्व्हर सांभाळले. हाताखालच्या लोकांकडून जोडीनं दाबून घेतलं, नोंदी करून घेतल्या, शिस्तीचा माणूस म्हणून नाव कमावलं. कुणी विचारलं हे कुठं शिकलात, तर म्हणायचो, अनुभवातून. ताईंचं नाव मी कधी घेतलं नाही. ती दुसरी चोरी.

दोन वर्षांपूर्वी फुलपाड्यात एका ओळखीच्यांकडे गेलो होतो. त्यांच्या पहिल्या मजल्यावरच्या गॅलरीतून चालताना समोरच्या इमारतीच्या जाळीच्या खिडकीतून आवाज आला. "एक, दोन, तीन, दाब!" पाय जागीच थांबले. संगणक शिकवणीची एक छोटी खोली, चार-पाच यंत्रं. दोन मुली शेजारी शेजारी बसलेल्या. त्यांच्यामागे अंबाडा पिकलेल्या प्रभाताई, कमरेवर हात. कुणीतरी म्हणालं, "टीचर, हे बरोबर आलं की." ताई म्हणाल्या, "एकदा आलं. अजून एकोणीस बाकी. विहिरीचं पानी एकट्यानं प्यायचं नसतं."

कोपऱ्यात काळी छत्री होती. त्यांनी वळून खिडकीकडे बघितलं असतं तर मी दिसलो असतो. त्या वळल्या नाहीत. मी खाली उतरलो, पण समोरचा जिना चढलो नाही.

वही माझ्याकडे आहे. पुठ्ठा सुटलाय, पानं पिवळी पडलीत. ती ओळ अजून कोरी आहे. हे सगळं इथं लिहिलं म्हणजे ती भरली असं मी मानत नाही. हा कागद वेगळा आणि ती वही वेगळी. मला ती घेऊन फुलपाड्याचा तो जिना चढायचा आहे, त्यांच्यासमोर बसून त्या ओळीत माझ्या हातानं माझं नाव लिहायचं आहे, आणि मग सामंतसाहेबांना आणि त्या प्राचार्यांना जाऊन सांगायचं आहे की ती चूक भोईरबाईंची नव्हती, माझी होती. एवढं मी देणं लागतो. अजून दिलेलं नाही.